‘उद्या पेपर होता’ आणि ‘उद्या युद्ध होतं’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रशियनची दोन वर्षं झाल्यावर तुम्ही बोरिस वासिल्येव यांची ‘झाव्त्रा बिला वोयना’ ही लघुकादंबरी मराठीत आणायला घेतली आहे. ‘उद्या युद्ध होतं’ हे शीर्षक चुकल्यासारखं वाटतं, असं घरचे म्हणतात. एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा हिंदीसारखं सुटसुटीत काहीतरी ठेव. पहिली चाळीस पानं झाली तरी युद्धाचा पत्ता नाही, म्हणून आपण भलतंच पुस्तक निवडलं की काय अशी शंका येते आहे. आणि तळटीपा इतक्या झाल्या आहेत की अर्धं पान त्यांनीच भरतं.

तीसेक वर्षं रशियन शिकवतो आहे आणि थोडंफार भाषांतरही करतो. हे पुस्तक वर्गात किती वेळा वाचून घेतलं त्याची मोजदाद नाही. तुमच्या तीनही अडचणी मला एकाच जागी येऊन मिळताना दिसतात : सांगणारा कुठे उभा राहून सांगतो आहे? तेवढं सुटलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

शीर्षकापासून सुरू करू. रशियनमध्ये ‘झाव्त्रा’ म्हणजे उद्या आणि ‘बिला’ म्हणजे होती (रशियन ‘वोयना’ स्त्रीलिंगी, त्यामुळे क्रियापदही स्त्रीलिंगी). वाक्याच्या ओघात रशियन माणूसही असं बोलतो, पण मुखपृष्ठावर एकटं उभं राहिलेलं हे वाक्य त्याच्याही कानाला अडखळवतं. ते लेखकाला हवंच आहे. आपल्याकडे गंमत अशी की मराठीला ही रचना मुळीच परकी नाही. ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणायच्या जागी आपण सहज म्हणतो, ‘उद्या पेपर होता आणि हा बाबा रात्री सिनेमाला गेला!’ भूतकाळात जाऊन उभं राहायचं आणि तिथून पुढचा दिवस दाखवायचा. वासिल्येव नेमकं हेच करतात. ‘उद्या पेपर होता’ हे वाक्य तुमच्या घरच्यांना म्हणून दाखवा, मग शीर्षक पुन्हा ऐकवा.

एक धोका मात्र आहे. ‘उद्या सुट्टी होती’ याचा मराठीत दुसराही अर्थ निघतो : ठरली होती, पण रद्द झाली. ‘उद्या युद्ध होतं’ वाचून कुणाला क्षणभर वाटेल की टळलं बुवा. मला ही संदिग्धता चालते. पुस्तकातली मुलंही युद्ध येणार असंच म्हणत असतात, पण ते लवकर संपेल, दुसऱ्याच्या भूमीवर होईल, आपण जिंकू, अशा खात्रीने. हिंदीचा मोह मात्र इथे अजिबात नको. ‘कल’ या शब्दाला काल आणि उद्या दोन्ही चिकटलेले आहेत, आणि ‘कल युद्ध था’ म्हटलं की तो निव्वळ ‘काल’ होतो. सगळं पुस्तक ज्या एका शब्दावर उभं आहे तोच निसटतो. आपल्या ‘काल’ आणि ‘उद्या’ला असा घोळ नाही. ही देणगी आहे, वापरा. ‘युद्ध’ की ‘लढाई’ असंही तुम्ही विचारलं आहे. ‘लढाई’ने रशियनचं स्त्रीलिंग राखलं जातं, पण लढाई एका मैदानातली असते. हे युद्धच.

आता युद्ध कुठे आहे? पहिल्या पानावरच आहे. तुम्ही बहुधा प्रास्ताविक ‘हे नंतर करू’ म्हणून ओलांडलं असावं, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. त्यात निवेदक एक जुना फोटो हातात धरून बसलेला आहे. सातवीनंतर परीक्षा संपल्यावर इस्क्रा पोल्याकोवाने सगळ्या वर्गाला ओढत फोटो स्टुडिओत नेलं होतं. तिला असले उपक्रम घडवून आणायची हौसच. आपण आजी-आजोबा झालो की हे फोटो बघायला किती मजा येईल, असं तिचं म्हणणं. मधोमध वर्गशिक्षिका, तिच्याभोवती मुली, कडेला मुलं. कडेचे चेहरे पुसट झालेले. निवेदक सांगतो की वर्गात पंचेचाळीस जण होते आणि केस पिकेपर्यंत जगले ते १९. एवढं सांगून तो गोष्टीला सुरुवात करतो. त्यामुळे पुढच्या चाळीस पानांत वाढदिवस असो, भांडण असो, आरशासमोरचं लाजणं असो, वाचणाऱ्याच्या मनात ४५ वजा १९ हे गणित चालूच राहतं. युद्ध दिसायची गरजच उरत नाही. तुम्ही ते पान वगळून पुढे गेलात, म्हणून तुमच्या हातात नुसती शाळकरी मुलांची गोष्ट उरली.

या निवेदकाचं एक वैशिष्ट्य शिकवताना मुलांना हमखास चकवतं. प्रास्ताविकात आणि उपसंहारात तो ‘मी’ म्हणतो. मधल्या सगळ्या भागात मात्र तो जवळजवळ नाहीसाच होतो. तो ४५ जणांपैकी एक आहे, पण कोण ते कळत नाही. शिवाय तो अशा प्रसंगांचं वर्णन करतो जिथे तो असणं शक्यच नव्हतं. झिना कोवालेंको आरशासमोर उभी राहून स्वतःच्या बदलत्या शरीराकडे बघते आणि इस्क्रा तिला झापते, त्या खोलीत कुणी मुलगा कसा असेल? इस्क्राच्या घरात आई आणि मुलीत काय झालं ते याला कुठून कळलं? काही जण म्हणतात की ही लेखकाची ढिलाई आहे. मला तसं वाटत नाही. या आठवणी एका माणसाच्या नाहीत, सगळ्या वर्गाच्या आहेत. ज्यांना सांगायला जागा उरली नाही त्यांच्याही वाट्याच्या याने सांगायला घेतल्या आहेत.

इथे मराठी तुम्हाला एक निर्णय घ्यायला लावेल, जो रशियनला घ्यावा लागत नाही. रशियनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींना एकच सर्वनाम आहे, त्यात ऐकणारा धरला आहे की नाही ते कळत नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. निवेदकाच्या तोंडी कायम ‘आम्ही’ ठेवा, कारण वाचक त्या वर्गात नव्हता आणि असूही शकत नाही. इस्क्रा वर्गापुढे बोलायला उभी राहते तेव्हा मात्र ‘आपण’. ‘आपण हे केलंच पाहिजे.’ ती मुलगी जगात ‘आपण’ सोडून दुसरं काही ओळखतच नाही, निदान सुरुवातीला. तुमच्या नमुन्याच्या पानांत दोन्हीकडे सरसकट ‘आम्ही’ आहे. तेवढं बदललंत तरी इस्क्राचा आवाज वेगळा ऐकू येईल.

वर्गाचं नाव ‘९ ब’ हे तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. रशियन ‘ब’ हेही त्यांच्या वर्णमालेतलं दुसरंच अक्षर. पण ‘नववी ब’ म्हटलं की मराठी वाचकासमोर चौदा वर्षांची पोरं येतात, आणि ती इथे चुकीची आहेत. त्या काळी सोव्हिएत शाळेत मूल आठव्या वर्षी पहिलीत जाई, म्हणजे नववीतली ही मुलं सोळा-सतरा वर्षांची. आपल्या अकरावीच्या वयाची. झिनाचा आरसा, झोरा लांदिसचं विकावरचं मुकं प्रेम, हे सगळं त्या वयाचं आहे. टीप नको, पहिल्याच प्रकरणात कुठेतरी ‘सोळा वर्षांची’ हे दोन शब्द घाला.

टिपांबद्दल माझा नियम कडक आहे : जी गोष्ट पात्रांना माहीत आहे आणि वाचकाला नाही, ती शक्यतो वाक्यातच मुरवायची. इस्क्रा म्हणजे ठिणगी, आणि त्याच नावाचं लेनिनचं वर्तमानपत्र होतं. आईने मुलीचं नाव कशावरून ठेवलं ते तिथेच अर्ध्या वाक्यात सांगता येतं. नावाचं भाषांतर करून ‘ठिणगी’ करू नका. मग झिना आणि विकाचं काय करणार? ‘वालेंद्रा’ला तर टीप लागतच नाही. वालेंतिना अंद्रोनोव्ना या बाईंचं नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं दुसरं नाव एकत्र चुरगाळून मुलांनी केलेलं ते टोपणनाव. शिक्षकांना नावं ठेवणं हा मराठी शाळेतही अभ्यासक्रमाबाहेरचा मुख्य विषय असतो. वाचक बरोबर समजेल.

काही गोष्टी मात्र वाक्यात मावणार नाहीत. त्यांच्यासाठी दीड-दोन पानांची प्रस्तावना लिहा आणि तळटीपा जवळपास सगळ्या काढून टाका. प्रस्तावनेत काय यावं? पहिली गोष्ट, वर्ष. शरद १९४०. फिनलंडशी युद्ध मार्चमध्ये संपलं होतं. जूनमध्ये परवानगीशिवाय नोकरी सोडणं गुन्हा ठरवणारा हुकूम निघाला. ऑक्टोबरात आठवी ते दहावीच्या मुलांना फी लागू झाली : मॉस्को, लेनिनग्राद आणि प्रजासत्ताकांच्या राजधान्यांत वर्षाला २०० रूबल, इतरत्र १५०. म्हणजे नववीच्या वर्गात बसायलाही त्या साली पैसे मोजावे लागू लागले होते. २२ जून १९४१ या रविवारी पहाटे जर्मनीने हल्ला केला. नवव्या इयत्तेचं ते वर्ष संपून महिनाही झाला नव्हता.

दुसरी गोष्ट, अटकसत्र. पुस्तकाचा कणा हाच आहे आणि नुसतं ‘स्टालिनच्या काळात अत्याचार झाले’ असं लिहिलंत तर काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. विकाच्या वडिलांना, ल्युबेरेत्स्कींना, एका रात्री पकडून नेतात. वर्गाला धक्का बसतो, पण खरी कोंडी पुढे होते. कोम्सोमोलची (कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेची) सभा भरवून विकाने सर्वांसमोर वडिलांना नाकारावं, अशी वालेंद्राची मागणी असते, आणि ती सभा घ्यायची इस्क्राने. ‘मुलगा बापासाठी जबाबदार नाही’ हे स्टालिनचं १९३५ सालचं वाक्य तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. प्रत्यक्षात बापाला नाकारल्याशिवाय मुलाची सुटका नव्हती. हा दुटप्पीपणा वाचकाला आधी ठाऊक असला, की वालेंद्रा त्याला राक्षसीण वाटणार नाही. ती स्वतःला मुलांची हितचिंतकच समजते. तिला नुसती खलनायिका करून टाकू नका, हा माझा आग्रह समजा. मुलींसाठी शाळेत आरसे लावणारे मुख्याध्यापक रोमाखिन एका बाजूला आणि आरशांनी मुली बिघडतात असं प्रामाणिकपणे मानणाऱ्या वालेंद्रा बाई दुसऱ्या बाजूला : असल्या जोड्या आपण सगळ्यांनीच आपापल्या शाळेत पाहिल्या आहेत.

तिसरी गोष्ट, येसेनिन. आर्त्योमच्या वाढदिवसाला विका येसेनिनच्या कविता वाचते आणि त्यावरून रामायण घडतं. तुम्ही ‘बंदी घातलेला कवी’ अशी टीप दिली आहे, ती सैल आहे. येसेनिनने डिसेंबर १९२५ मध्ये लेनिनग्रादच्या हॉटेलात जीव दिला. त्यानंतर त्याच्या नावावरून एक शिवीवजा शब्दच रूढ झाला, रडवेपणा आणि बेबंदपणा यासाठी. तुरुंगात टाकणारी बंदी नव्हती. चांगल्या घरच्या कोम्सोमोल मुलीने वाचू नये अशी नापसंती होती. ती नापसंती अशीच बारीक ठेवा. बंदी म्हटलं की विका बंडखोर होऊन बसते. ती बंडखोर नाही. तिला कविता आवडते, एवढंच.

याच येसेनिनपाशी पुस्तकातली भाषांतराला सर्वांत अवघड जागा आहे. सभेच्या आदल्या दिवशी विका मित्रमैत्रिणींना घेऊन सोस्नोव्काला फिरायला जाते, आणि झोराला आपलं चुंबन घ्यायला सांगते. दुसऱ्या दिवशी ती सभेला येत नाही. तिने झोपेच्या गोळ्या घेतलेल्या असतात. दफनाच्या वेळी इस्क्रा कविता म्हणते, आईने बजावून सांगितलेलं असूनही. कविता येसेनिनची शेवटची, निरोपाची. रशियनमध्ये ती ‘दो स्विदान्या’ने सुरू होते. तुमच्या मसुद्यात ‘अलविदा’ आहे. कृपा करून तो शब्द काढा. ‘दो स्विदान्या’चा शब्दशः अर्थ पुन्हा भेटेपर्यंत, आणि कवितेतही पुढच्या भेटीचं आश्वासन आहे. कायमच्या निरोपाला रशियनमध्ये वेगळा शब्द आहे आणि कवीने तो मुद्दाम टाळला आहे. आपल्याकडे उंबऱ्यावरून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, म्हटलंच तर घरातली म्हातारी माणसं ओरडतात : ‘येतो’ म्हण. ‘येतो, मित्रा, येतो.’ मी वर्गात एकदा हे सहज बोलून गेलो आणि मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसू लागली. तेव्हापासून मी दुसरा पर्याय शोधलेला नाही. तुम्हाला त्याहून बरा सापडला तर जरूर कळवा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चा फरक रशियनमध्ये आहे तसाच आपल्याकडेही आहे, त्यामुळे इंग्रजीतून करणाऱ्याला जी माती खावी लागते ती तुम्हाला लागणार नाही. तरी दोन जागा सांभाळा. विका वडिलांशी रशियन ‘तू’ वापरते. आपल्याकडे त्या पिढीत वडिलांना ‘अहो बाबा’च होतं, म्हणून तुम्ही ‘तुम्ही’ केलंत. हे मी बदलेन. आई नसलेल्या त्या घरात दोघांचीच जी जवळीक आहे, तिच्यापुढे आपला रिवाज थोडा बाजूला ठेवावा लागेल. याउलट इस्क्राचं आईशी ‘तू’ आहे, पण त्या ‘तू’त उब नाही. तिची आई यादवी युद्धातली कमिसार (सैन्यातली पक्षाची राजकीय अधिकारी), सतत सिगारेट ओढणारी, प्रसंगी कातडी पट्ट्याने मारणारी. तिथे ‘अगं आई’ मधला ‘अगं’ गाळा. नुसतं ‘आई’ ठेवा. आणि पुढे इस्क्रा तिला सांगते की तुझ्यावर प्रेम आहे, पण पुन्हा एकदा हात उचललास तर घर सोडून जाईन. ते वाक्य अगदी कोरडं, लहान ठेवा.

ल्युबेरेत्स्कींनी इस्क्राशी केलेल्या गप्पांत ‘निर्दोषत्वाचं गृहीतक’ असा शब्दप्रयोग तुम्ही केला आहे. कायद्याच्या पुस्तकात ठीक, जेवणाच्या टेबलावर नाही. ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष’ हे मराठी माणूस कोर्टाच्या बातम्यांत रोज वाचतो. इस्क्राला मात्र ही कल्पनाच नवी आहे, आणि ती तिच्या मनात काट्यासारखी रुतून राहते. नंतर ल्युबेरेत्स्की निर्दोष ठरून परत येतात. हे अतिरंजित आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. नाही. १९३८ अखेरीस गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह याला दूर केल्यावर काही लोक खरोखरच सुटले. पण त्यांच्या घरी आता कोण उरलं होतं, हे पुस्तक तिथे सांगतं.

लेखकाबद्दल चार ओळी पुरेत. जन्म स्मोलेन्स्क, २१ मे १९२४. नववी संपवून १९४१ च्या उन्हाळ्यात तो स्वतःहून आघाडीवर गेला, १९४३ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात जबर जखमी झाला, पुढे लष्करी अभियंता झाला. म्हणजे ‘९ ब’ हा त्याच्याच वयाचा, त्याच्याच इयत्तेचा वर्ग. ‘आ झोरी झ्देस तीखिये’ने (पहाट इथे शांत असते) १९६९ मध्ये त्याचं नाव झालं. हे पुस्तक त्याने १९७२ मध्ये लिहिलं, पण ‘यूनस्त’ मासिकात ते छापून आलं १९८४ मध्ये. बारा वर्षं ते का पडून राहिलं, हे वरची हकीगत वाचल्यावर सांगायला नको. युरी कारा यांचा १९८७ चा चित्रपट चांगला आहे, पण भाषांतर पुरं होईपर्यंत बघू नका. नाहीतर इस्क्राला त्या नटीचाच चेहरा चिकटेल.

एक व्यवहाराची गोष्ट. वासिल्येव २०१३ मध्ये वारले, म्हणजे पुस्तकाचे हक्क अजून कित्येक दशकं वारसांकडे राहणार. स्वतःसाठी करत असाल तर खुशाल करा. छापायचं मनात असेल तर प्रकाशकाला आधी परवानगीचा पत्रव्यवहार सुरू करायला सांगा. त्याला वेळ लागतो आणि तोवर पुस्तक पुरं होतं. जुन्या सोव्हिएत पुस्तकांवर वाढलेला, लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून पाच-दहा रुपयांत पुस्तकं उचलणारा वाचक आता साठीच्या पुढे आहे, पण तो आहे.

राहता राहिला उपसंहार. तिथे एकेकाचं काय झालं ते निवेदक सांगतो : आर्त्योम पूल उडवताना, इस्क्रा आणि तिची आई दोघी जर्मनांच्या फासावर. रशियन ‘पगीब’ (युद्धात, अपघातात मेला) या क्रियापदाला मराठीत एका शब्दाचा जोड नाही. ‘शहीद झाला’, ‘वीरमरण पत्करलं’, ‘हुतात्मा’ यांतलं काहीही नको. निवेदक पुतळ्यापुढे भाषण करत नाही, वर्गमित्रांची हजेरी घेतो आहे. ‘कामी आला’ हा बखरीतला शब्द मला मोहात पाडतो, पण तोही पानिपतचा वास घेऊन येतो. साधं ‘गेला’ वापरा. आपण आपल्या माणसाबद्दल तेच म्हणतो. इस्क्राच्या बाबतीत मात्र ‘गेली’ म्हणून चालणार नाही. तिथे ‘फाशी दिलं’ असं स्पष्ट लिहा. आणि सगळे यंत्रवेडा म्हणून ज्याला एडिसन म्हणत, तो वाल्या अलेक्सांद्रोव्ह वाचला आणि घड्याळं दुरुस्त करू लागला, हे वाक्य हलकं ठेवा. तिथे वाचकाला जरा हसू येऊ द्या.

पहिलं आणि शेवटचं प्रकरण एकाच बैठकीत करा, बाकीचं सगळं झाल्यावर. तोवर कडेच्या मुलांची नावं तुम्हाला पाठ झालेली असतील. मग फोटोचा तो परिच्छेद मला पाठवा.